दहा तास गाडीत, बाकीचा अभ्यास घरी

मोटार शिकणाऱ्याने घरी बसून अभ्यास करावा का, यावर आपल्याकडे दोन मते आहेत आणि दोन्ही ठाम आहेत. एक मत ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडे बसणाऱ्या, पायाशी जादा क्लच-ब्रेक असलेल्या मास्तरांचे : गाडी रस्त्यावरच येते, घरी बसून कोणाला आलेली नाही. दुसरे मत माझे : घरचा अभ्यास नसेल तर रस्त्यावरचे तास निम्मे फुकट जातात, आणि जे रस्त्यावर शिकायला मिळतच नाही ते कधीच शिकून होत नाही. खालच्या संवादातले मास्तर ही कोणी एक व्यक्ती नाही. त्यांच्या तोंडचे आक्षेप शिकवणाऱ्यांकडून, जुन्या चालकांकडून, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नेहमी ऐकू येतात. त्यातले काही इतके वजनदार आहेत की त्यांना उत्तर दिल्यावाचून माझे म्हणणे पुढे सरकणार नाही.

मास्तर : ताई, पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी विहिरीत उडी मारली तर काय होईल ते तुम्हीच सांगा. गाडीचेही तसेच आहे. हाफ क्लच कुठे धरतो ते पायाला कळावे लागते, आणि ते कळायला पाय क्लचवर लागतो. वीस व्हिडिओ बघून आलेला आणि काहीच न बघता आलेला, दोघांचीही गाडी पहिल्या दिवशी सारखीच बंद पडते. हात-पाय शिकले की गाडी आली. मग वही-पेन कशाला?

मी : हाफ क्लच पायालाच कळतो, यात वाद नाही. तुमच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम पुरावा मीच देते. स्वीडनने 1993 मध्ये गाडीचा सराव सुरू करण्याचे वय साडेसतरावरून सोळावर आणले, पण लायसन्सचे वय अठराच ठेवले. ज्या मुलांनी ही सवलत घेतली त्यांचा लायसन्सआधीचा सराव सरासरी 118 तासांवर गेला. बाकीच्यांचा 41 ते 47 तासांच्या घरात होता. पुढे या मुलांचे अपघात लक्षणीय कमी निघाले. तेव्हा तास वाढले की चालक सुधारतो, हे तुमचे म्हणणे आकड्यांनीही खरे ठरते. पण आपल्याकडे तास आहेत किती? केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 31 वा नियम खासगी गाडीच्या शिकाऊसाठी किमान 21 दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास सांगतो. रोजचा अर्धा तास धरला तर हिशेब तेवढाच येतो, आणि त्या अर्ध्या तासातही आधीच्या शिकाऊला घरी सोडण्यात काही मिनिटे जातात. स्वीडनच्या त्या मुलांच्या तुलनेत हा जेमतेम बारावा हिस्सा. बहुतेक घरांत सरावाला दुसरी गाडी नसते. असली तरी शेजारी बसून शांतपणे शिकवणारे माणूस नसते. तास वाढवता येत नसतील तर हातात असलेल्या दहा तासांतले प्रत्येक मिनिट फक्त गाडीच शिकवू शकते अशा गोष्टीवर खर्च झाले पाहिजे. माझा सगळा युक्तिवाद या एका हिशेबावर उभा आहे. तुमच्या सकाळच्या अर्ध्या तासात कोणता पेडल कशाचा, कोणत्या आरशात काय दिसते, लाल काठाचा त्रिकोण काय सांगतो हे समजावण्यात दहा मिनिटे गेली, तर ती हाफ क्लचच्या सरावातून वजा झाली.

त्यातला मोठा भाग सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बंद गाडीत शिकता येतो. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. सीट इतकी पुढे घ्यायची की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. हात स्टिअरिंगवर नऊ आणि तीनच्या जागी. दहा-दोनची जुनी पद्धत एअरबॅगच्या गाडीत मनगटांना धोक्याची ठरते. मग आरसे लावायचे आणि घरातल्या कोणाला तरी मागून, गाडीच्या उजव्या अंगाने, सावकाश चालत पुढे यायला सांगायचे. ते माणूस आधी आतल्या आरशात दिसते, मग बाहेरच्या आरशात येते, आणि मग एका टप्प्यावर दोन्हींतून नाहीसे होते. खिडकीतून थेट दिसायला अजून दोन-तीन पावले बाकी असतात. त्या जागी जमिनीवर खडूने खूण करून ठेवावी. एक मोटारसायकल तिच्यावरच्या माणसासकट तिथे पुरी मावते. मागून येणारी दुचाकी वळताना का दिसली नाही, याचे उत्तर त्या खुणेत आहे. ही खूण ज्याने स्वतः केली त्याला मान वळवून पाहायला तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगावे लागणार नाही. भर रहदारीत हा धडा देताही येत नाही, कारण तिथे कोणाला आडव्या अंगाने चालायला सांगणार?

गिअरचेही तसेच. बंद गाडीत क्लच दाबून, नजर समोर ठेवून, हात न बघता पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायला शिकतो. मनातल्या मनात केलेल्या सरावावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा 1994 मध्ये ड्रिस्केल, कॉपर आणि मोरन यांनी घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की असा सराव प्रत्यक्ष सरावाइतका प्रभावी नसतो, पण काहीच न करण्यापेक्षा नक्कीच उपयोगी पडतो, आणि ज्या कामात क्रम लक्षात ठेवायचा असतो तिथे तर जास्तच. आरसा, इंडिकेटर, पुन्हा आरसा, मान वळवणे, क्लच, गिअर : हे क्रमाचेच काम आहे. क्रम डोक्यात बसलेला असला की पायाला फक्त हाफ क्लच शोधायचा उरतो.

मास्तर : बरं, पार्किंगमधला सराव मानला. पण तुमचा अभ्यास म्हणजे नियम, पाट्या, प्रश्नोत्तरे. कच्च्या लायसन्सच्या परीक्षेला सगळे तेच पाठ करून येतात. आता तर आधारवर घरबसल्या परीक्षा होते, माउस कोण दाबतो कोणास ठाऊक. आणि पास होऊन रस्त्यावर आल्यावर दिसते काय? उलट्या बाजूने येणारी दुचाकी, सिग्नल तोडणारा टेम्पो. नियम घोकून आलेला माझा शिकाऊ चौकात कोणी वाट देईल म्हणून थांबून राहतो आणि मागून हॉर्न वाजत राहतात. पुस्तकातला रस्ता कुठे, आपला कुठे!

मी : त्या परीक्षेचा बचाव मला करायचा नाही. 60 टक्के उत्तरे बरोबर आली की ती पार पडते. महाराष्ट्रात 2021 पासून ती घरून देता येते आणि तिथे गैरप्रकाराला वाव राहतो, हे उघड आहे. प्रश्नपेढी पाठ करणे हा अभ्यासच नव्हे. पण म्हणून नियमांचा अभ्यास टाकून द्यायचा का? नियम कारणासकट शिकला तर तो वेगळी गोष्ट बनतो. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचे, हा नियम आहे. पाठ करणाऱ्याला तो परीक्षेपुरता आठवतो. कारण समजलेल्याला माहीत असते की चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा निघताना मागे घरंगळण्याचा धोका असतो, भरलेली गाडी असेल तर तो दुप्पट, आणि उतरणाऱ्याला पुन्हा निघायला तसले काहीच अडत नाही. असा माणूस ताम्हिणीत किंवा वरंध्यात पोलीस नसतानाही आपणहून बाजूला उभा राहील. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, यालाही कारण आहे : आपण डावीकडून चालतो, म्हणून चौकात शिरताच आपल्या वाटेत पहिल्यांदा येतो तो उजवीकडून आलेलाच. कारण कळले की तुमचा शिकाऊ चौकात गोठून राहणार नाही. उजवीकडे पाहील, रिकामे दिसले की निघेल.

आता नियम मोडणाऱ्यांविषयी. रस्त्यावर नियम मोडले जातात म्हणून अभ्यास व्यर्थ, असे तुम्ही म्हणता. मला ते अगदी उलट दिसते. मोडणारे आहेत म्हणूनच त्यांना आधी ओळखायला शिकायचे. 1972 मध्ये मोरँट आणि रॉकवेल या संशोधकांनी नवशिक्यांची आणि अनुभवी चालकांची नजर कुठे जाते ते मोजले. नवशिक्यांची नजर गाडीच्या नाकासमोरच्या थोड्याशा रस्त्यावर खिळलेली होती, आरशांकडे ती क्वचितच जात होती. अनुभवी चालक लांबवर आणि दोन्ही बाजूंना पाहत होते. तुम्हीही शिकाऊला दिवसातून कितीदा तरी ‘लांब बघ’ म्हणता. पण लांब बघून शोधायचे काय? उभ्या टेम्पोच्या खालून दिसणारे पाय : कोणीतरी आता त्याच्या पुढून रस्त्यावर येणार. कडेला उभ्या रिक्षाचे पुढचे चाक उजवीकडे वळलेले : रिक्षा अजून हललेली नाही, पण निघणार आहे. थांब्यावर एसटी उभी : तिच्या पुढून कोणीतरी पळत येणार, त्यातही शाळा सुटायची वेळ असेल तर नक्कीच. गल्लीच्या तोंडाशी कुत्रे भुंकायला लागले : मागून दुचाकी येते आहे. या खुणा वाचायला गाडी चालवावी लागत नाही. एसटीत चालकाच्या मागच्या सीटवर बसून, कोणाच्या गाडीत पुढे बसून, आपण चालवतो आहोत असे धरून, दिसेल ते पुटपुटत जायचे. लंडनच्या हेंडन इथल्या पोलीस ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चालकाला गाडी चालवताना जे दिसते ते मोठ्याने बोलायला लावण्याची पद्धत फार जुनी आहे. आपण ती प्रवासी म्हणून सुरू करू शकतो. हात-पाय मोकळे असताना डोळे शिकतात. पहिल्या दहा तासांत हात-पायच इतके गुंतलेले असतात की डोळ्यांना शिकायला उसंत मिळत नाही.

आणि हे डोळे कोणासाठी तयार करायचे? 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतले 44.5 टक्के दुचाकीवरचे होते आणि 19.5 टक्के पायी चालणारे. गाडी शिकणाऱ्याची पहिली जबाबदारी या दोघांकडे असते. काच, पत्रा, बेल्ट यांच्या आत आपण असतो, ते नसतात.

मास्तर : डोळ्यांचे म्हणणे पटते. पण एक धोका तुम्ही विसरता. जरा शिकलेला पोरगा जास्त उडतो. सगळे येते असे वाटायला लागले की पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो. न शिकलेला निदान भीतभीत चालवतो.

मी : हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतो, कारण त्यामागे खरे प्रयोग आहेत. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डेकाल्ब परगण्यात 1970 च्या दशकाच्या शेवटी सुमारे सोळा हजार शाळकरी मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. काहींना भरपूर आणि काळजीपूर्वक आखलेले प्रशिक्षण दिले, काहींना थोडे, काहींना शाळेत काहीच नाही. टिकाऊ फायदा दिसला नाही. शिकलेल्यांना लायसन्स लवकर मिळाले, ती लवकर रस्त्यावर आली आणि त्यामुळे धोक्यालाही लवकर सामोरी गेली. नॉर्वेत घसरणाऱ्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण दिले, तर तरुण मुलांचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढले. घसरली तरी सावरू, या भरवशावर ती वेगाने जाऊ लागली. शिक्षणाने फाजील आत्मविश्वास येतो, हे तुमचे निरीक्षण निव्वळ चिडचिड नाही.

पण या प्रयोगांत शिकवले काय जात होते ते पाहा. घसरलेली गाडी सावरण्याचे शिक्षण शिकाऊला सांगते, तुला जमते. धोका ओळखण्याचा अभ्यास त्याला सांगतो, तुला दिसले नाही. एकच चित्रफीत दोनदा दाखवा : पहिल्यांदा शिकाऊला उभ्या ट्रकमागचे मूल दिसत नाही, दुसऱ्यांदा दाखवून दिले की दिसते. त्याला कळते ते एवढेच की आपण चुकलो असतो. ब्रिटनने 2002 च्या नोव्हेंबरपासून लेखी परीक्षेला अशी चित्रफितींची परीक्षा जोडली : चौदा फिती, पंच्याहत्तर गुण, पास व्हायला चव्वेचाळीस. पुढे नव्या चालकांच्या मोठ्या पाहणीत दिसले की ही परीक्षा दिलेल्यांचे, स्वतःची काही चूक असलेले आणि मंद वेगाचे नसलेले अपघात सुमारे अकरा टक्क्यांनी कमी होते. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी तिकडे गेलेल्यांना भारतीय लायसन्सवर बाराच महिने चालवता येते, मग हीच परीक्षा द्यावी लागते. त्यांना ती चांगली ठाऊक आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डोनाल्ड फिशर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर तासाभरात होणारा असा अभ्यास तयार केला. तो केलेले नवशिके रस्त्यावरच्या आडोशांकडे जास्त पाहू लागले. कॅलिफोर्नियात नव्याने लायसन्स घेणाऱ्या पाच हजारांहून जास्त तरुणांवर तो तपासला तेव्हा मुलांचे अपघात पहिल्या वर्षी जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी झाले. मुलींत मात्र फरक दिसला नाही. हा दुसरा निकालही मी लपवत नाही. अभ्यास हा रामबाण नाही. पण तासाभराच्या, घरी करता येण्याजोग्या कामाचा एवढा परिणाम होत असेल, तर तो सोडून देण्याला कारण सापडत नाही. अभ्यास निवडताना एक कसोटी लावावी : ज्या व्हिडिओने आपल्याला स्टिअरिंगची करामत शिकवून खूश केले तो बाजूला ठेवावा, ज्याने आपल्याला काय दिसले नाही ते दाखवले तो पुन्हा पाहावा.

मास्तर : ताई, ट्रकवाल्यांचे काय? त्यांतले कितीतरी चौथी-पाचवी शिकलेले. क्लीनर म्हणून चढले, बघत बघत शिकले. त्यांना कोणी चित्रफिती दाखवल्या? बोरघाटात रात्री वीस टन माल उतरवतात. अनुभव हाच गुरू.

मी : त्या माणसांच्या हाताविषयी मला आदर आहे. शिक्षणाची पाटी लावून त्यांना कमी लेखायचे नाही. व्यावसायिक लायसन्ससाठीची आठवी पासची अट सरकारने 2019 मध्ये काढून टाकली, तेही योग्यच झाले. मात्र अनुभव कसा शिकवतो ते नीट पाहू. जे घडले आणि ज्याचा फटका बसला तेवढेच अनुभव शिकवतो. जे शंभर वेळा चुकून पचले ते तो बरोबर म्हणून शिकवतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, ही सवय कितीतरी अनुभवी चालकांना असते. ती शंभरदा पचते. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, तापले की त्यांची पकड सुटते, आणि एकशे एकाव्या वेळी पाय दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे सांगायला कोणाला पदवी लागत नाही. पण ते आधी कोणीतरी सांगावे लागते. ते शिकवणारा अनुभव आला, तर तो सांगायला माणूस मागे उरेलच असे नाही.

तुमच्या धड्यांविषयीही हेच म्हणायचे आहे, मास्तर. तुमचे एकवीस दिवस सकाळचे असतात. रस्ता ओळखीचा, कोरडा, वेग तीस-चाळीसचा. शिकाऊ पुढे रात्री चालवणार, जुलैत चालवणार, आंबोली चढणार, द्रुतगती मार्गावर ताशी 100 किलोमीटरने जाणार. यांतले काहीच त्या दहा तासांत येत नाही आणि येऊही शकत नाही. म्हणून ते आधी कागदावर आले पाहिजे. सातवी-आठवीचे गणित पुरते. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला तर गाडी 11 मीटर गेलेली असते. चांगल्या ब्रेकने कोरड्या रस्त्यावर पुढे साधारण 9 मीटर. एकूण 20. आता वेग दुप्पट, 80. पहिल्या सेकंदात 22 मीटर. पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे 36. एकूण 58 मीटर. ओल्या रस्त्यावर हाच आकडा 80 च्या पुढे जातो. आता डिपरवर असलेल्या हेडलाइटचा झोत किती लांब पडतो? साधारण 40 ते 50 मीटर. समोरून गाड्या येत असताना, डिपरवर, 80 च्या वेगाने जाणाऱ्याला जे दिसते ते दिसेपर्यंत थांबण्याची वेळ निघून गेलेली असते. गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या, चिखलाने रिफ्लेक्टर झाकलेल्या ट्रॉल्या संथपणे चाललेल्या असतात. त्यांच्यावर मागून आदळलेल्या गाडीचा चालक ‘अचानक पुढे आली’ असे सांगतो. ती अचानक आलेली नसते, त्याचा वेग त्याच्या उजेडापेक्षा जास्त होता. हा हिशेब स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभे राहूनही मांडता येतो, आणि ज्याने तो स्वतःच्या हाताने मांडला तो रात्री साठच्या आत राहील अशी शक्यता वाढते. 2022 च्या मृत्यूंत सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हेच कारण आहे. वेग कमी ठेव असे सगळेच सांगतात; किती आणि का, हे आकड्यांशिवाय कळत नाही.

ज्यांना वाचायचा कंटाळा किंवा अडचण आहे त्यांच्यासाठी हा अभ्यास ऐकून होतो, घरातल्या लेकीने वाचून दाखवला तरी होतो. त्यात गाडीसोबत मिळणारे माहितीपुस्तकही घ्यावे. बहुतेक गाड्यांत ते डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकसकट पडून असते. डॅशवरचा लाल दिवा म्हणजे गाडी बाजूला घ्या, पिवळा म्हणजे लवकर तपासा, एवढे त्यातून कळले तरी इंजिन वाचते. एबीएस असलेल्या गाडीत संकटसमयी ब्रेक सोडून-दाबून पंप करायचा नसतो, पूर्ण ताकदीने दाबून धरायचा आणि गाडी वळवत राहायची, हेही त्यात असते. पूर्वीच्या गाड्यांवर शिकलेले अनेक मास्तर अजूनही पंप करायला शिकवतात. हा ठपका तुमच्यावर नाही, गाड्या बदलल्या म्हणून सांगते.

मास्तर : पंप करायचे आता मी शिकवत नाही. पण माझी अडचण ऐका. डिझेल, क्लच प्लेट, भाडे सगळे माझ्या खिशातून. दिवसाला बारा-पंधरा शिकाऊ. थिअरी शिकवायला खोली आहे, तिथे पाट्यांचा तक्ता लावलेला आहे, पण बसतो कोण? लोक म्हणतात, सर, गाडी द्या, बोलणे पुरे. आणि ज्यांचे पाय भीतीने थरथरतात त्यांना तुमचा कागद उपयोगी नाही. त्यांना मी शेजारी हवा.

मी : भीतीबद्दल तुमचे म्हणणे मान्य. भर रहदारीत हात कापायला लागले तर वाचलेले काही आठवत नाही. तिथे तुमचा दुसरा ब्रेक आणि तुमचा आवाजच कामाचा. भीतीचा एक भाग मात्र अनोळखीपणातून येतो, आणि पेडल, आरसे, क्रम आधी ओळखीचे झाले तर तो भाग तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. खोलीतल्या रिकाम्या खुर्च्यांचा प्रश्न मोठा आहे. 2021 मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी नियम केले. त्यात हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम 29 तासांचा आहे, आठ तास थिअरीचे आणि एकवीस प्रत्यक्षाचे. जर्मनीत कारच्या लायसन्सआधी नव्वद मिनिटांचे चौदा थिअरी वर्ग सक्तीचे असतात. आपल्याकडच्या गल्लीतल्या स्कूलला हे परवडणार नाही, आणि शिकाऊ त्याचे पैसेही देणार नाहीत. म्हणूनच हे काम घरी न्यायचे. कायद्याने वेळही दिलेला आहे : कच्चे लायसन्स हातात आल्यावर किमान तीस दिवस पक्क्याची परीक्षा देताच येत नाही. ते तीस दिवस लोक तारीख मोजत काढतात. त्यात रोज वीस मिनिटे दिली तर आणखी दहा तास होतात, तुमच्या गाडीचे एक थेंब डिझेल न जाळता.

तुमच्याकडून एकच मागते. कच्चे लायसन्स घेऊन शिकाऊ पहिल्यांदा येईल तेव्हा पावतीबरोबर त्याला एक कागद द्या : पार्किंगमधली खूण, थांबण्याच्या अंतराचे गणित, एसटीत बसून करायचा सराव, घाट आणि रात्र. रोज गाडी सुरू करण्याआधी दोन मिनिटे त्यातलेच काही विचारा. काल कोणते धोके दिसले, सांग. ऐंशीवर किती मीटर लागतात, सांग. धडा संपल्यावर घरी जाऊन काय चुकले ते चार ओळींत लिहायला लावा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करा.

मास्तर : दोन मिनिटे परवडतील. पण जो उत्तर देणार नाही त्याचे काय करू? गाडी नाही म्हणू?

मी : नाही म्हणू नका. त्याला त्या दिवशी मोकळ्या मैदानावर न्या, चौकात नेऊ नका. आणि उद्याच्यासाठी तोच प्रश्न पुन्हा द्या.